बस थांब

आपा, काना अजून राहिलेलाच आहे.

गेल्या आठवड्यात बसवाल्यांची माणसं येऊन नवा खांब रोवून गेली. निळा, चकचकीत, वर छापील पाटी: बस थांबा. तुम्ही रंगवलेल्या पाटीचा पत्रा शेजारच्या बाभळीला तारेनं बांधलेला होता, तसाच आहे. त्यांच्यातला एकजण पक्कड घेऊन तार सोडायला निघाला, तशी मी वरून गॅलरीतून ओरडले, हात लावू नका. मी जिना उतरून खाली जाईपर्यंत तो बिचारा पक्कड हातात धरून तसाच उभा होता. म्हणाला, मावशी, आता नवी पाटी आली, या चुकीच्या पाटीचं काय काम? मी म्हटलं, चूक आमची आहे, आमची आम्ही बघून घेऊ. मग जाता जाता त्यानं सहज सांगितलं की सकाळची पहिली गाडी सोमवारपासून बंद, वरून तसं ठरलंय. म्हणजे गाय नेली आणि दावं ठेवून गेले. हे तुम्हाला ऐकवायला मी वळले, तर शेजारी कोणी नव्हतं.

तुम्ही जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळिसावा व्हायचा आहे, आणि मी दिवसातून कितीदा तरी अशी वळते.

घरात माणूस नाही असं नाही. आमचे हे आहेत, टीव्ही आहे, रविवारी पुण्याहून मुलाचा फोन येतो. बिल्डिंगमधल्या बाया येता-जाता विचारपूस करतात. सगळ्या माझ्याशी फार गोड बोलतात, तोच तर वैताग आहे. परवा जेवताना हे म्हणाले, "आपा गेल्यापासून तुला घास गोड लागंना. भांडायला कुणी नाय म्हणून व्हय?" मी म्हटलं, भाकरी घ्या. नवऱ्याला कधी नव्हे ते बरोबर कळलं होतं, उगीच चढवून कशाला ठेवा.

तुम्ही पहिल्या दिवसापासून मला तू म्हणालात. मी तुम्हाला तुम्ही. आमच्या कन्नड तालुक्यातल्या घरात मोठ्या जावेलाही अहो-जाहो करतात, माझी जीभ तशीच वळलेली. फक्त भांडण चढलं की ती घसरायची आणि मी ओरडायचे, तुला काय कळतंय आपा. दुसरी कोणी असती तर तिला राग आला असता. तुम्ही मांडी ठोकून बसायच्या आणि म्हणायच्या, "अब आई सुनंदा. इतका वेळ तेरी सास बोल रही थी." मला वाटतं, कितीतरी भांडणं तुम्ही तेवढ्या एका शब्दासाठी लांबवली असतील.

आपली ओळखही गेटावरच्या भांडणातली. वाळूजच्या त्या कंपनीत मी ठेकेदाराकडं नवीन लागले होते, पॅकिंगला. छावणीच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघायची नाही, आणि ती भरेपर्यंत आपली हजेरी गेलेली असायची. त्या दिवशी मी पोचले तेव्हा गेट बंद. वॉचमन म्हणाला, आता उद्या या. मी गेटाबाहेरच्या कट्ट्यावर डबा मांडीत घेऊन बसले आणि रडायला लागले. तुम्ही आत होता, हजेरी लागलेली, एप्रन घातलेला. काय मनात आलं कोण जाणे, तशाच बाहेर आलात, म्हणालात, "सरक, बैठने दे," आणि माझ्या शेजारी बसलात. आपली वस्ती एकच, पण मी तुम्हाला ओळखत नव्हते. उलट तुमचाच राग आला. माझ्यापायी तुमचा दिवस कशाला घालवता, असं मी फटकन बोलले. तुम्ही डब्याचं झाकण उघडून बघितलं, आत काय आहे ते, आणि म्हणालात, "अकेली बैठी तो रोना आता. दो बैठे तो बात होती."

थोड्या वेळानं आणखी दोघी-तिघी बाहेर आल्या. मग आणखी. सुपरवायझर आधी ओरडला, मग समजूत काढायला लागला. जेवणाच्या सुट्टीच्या आत ठरलं की रिक्षामुळं उशीर झाला तर गेट बंद करायचं नाही. तुम्ही कसली घोषणा दिली नाही की भाषण केलं नाही. माझ्या डब्यातली मेथीची भाजी मात्र अर्धी संपवलीत.

पुढं तुमची पद्धत कळत गेली. सभा घ्यायच्या आणि हात वर करायला सांगायच्या, पण हात वर केला की बोलायलाच पाहिजे. "हाथ उठाया तो मुंह भी खोलो." का हो, का नाही, ते आपल्या तोंडानं सांगायचं. कितीही वेळ लागला तरी. चुलीवर भाजी करपायची, पोरं रडायची, पण तुम्ही शेवटच्या बाईचं होईपर्यंत कुणाला उठू द्यायच्या नाहीत. मी म्हणायचे, अशानं आपलं काम म्हातारपणीच होईल. तुम्ही म्हणायच्या, "होईंगा ना पर? बस." आणि पुन्हा त्या कोपऱ्यातल्या बाईकडं वळायच्या, जी लाजून पदर चावत असायची.

छावणीतल्या आपल्या नाल्याकाठच्या वस्तीवरून रस्ता जाणार हे ठरलं, आणि बदल्यात दौलताबादच्या अंगाला फ्लॅट मिळणार म्हणून सांगितलं, तेव्हाची सभा मी विसरणार नाही. नळाच्या चौथऱ्यावर आपण बसलो होतो. तुम्ही म्हणालात, घर घेऊ, पण आधी तिथून बस सुटेल असं लेखी घेऊ, नाहीतर वाळूजचं काम हातचं जाईल. थांबा जरा. मी उभी राहिले. मी म्हटलं, थांबा थांबा म्हणत आमचं निम्मं आयुष्य या नाल्याच्या वासात गेलं. मला दार पाहिजे. आतून कडी लावता येईल असं दार. तुम्ही म्हणालात, "दार के बाहर क्या है, वो भी तो देख." मी म्हटलं, बाहेरचं बाहेर बघू, तुला कडीचं महत्त्व कळायचं नाही. झालं, तू निघालं होतं तोंडून. सगळ्या हसल्या.

एकेक बाई बोलली. दुपारची संध्याकाळ झाली. बहुतेक सगळ्या माझ्या बाजूनं. शेवटी तुम्ही आपला हात वर केलात आणि म्हणालात, "मेरा हाथ अकेला है. लेकिन है." आणि मग सामान हलवायच्या दिवशी टेम्पोत पहिलं गाठोडं चढवलं ते तुम्हीच, तेही माझं.

आपा, मी अजून म्हणते, घर घेतलं ते बरोबर केलं. पहिल्या रात्री मी ती कडी किती वेळा लावली आणि काढली, ते यांना विचारा. पण आत आलो आणि बाहेरचं खरंच बाहेर राहिलं. मोठ्या रस्त्यापर्यंत पायपीट, तिथून रिक्षा मिळेल तेव्हा. कामाची पाळी बुडायला लागली, एकेकीचं काम सुटायला लागलं. मी वाट बघत होते, आता आपा म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? उत्तरही तयार ठेवलं होतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्याचा मला जितका राग यायचा तितका तुम्ही बोलला असता तर आला नसता. तयार ठेवलेलं उत्तर तसंच राहिलं माझ्याकडं.

त्याऐवजी एके दिवशी तुम्ही म्हणालात, उद्यापासून आपण कोपऱ्यावर बसची वाट बघायची. मी विचारलं, कुठल्या बसची? तुम्ही म्हणालात, जी यायला पाहिजे तिची. आधी थांबा करू, मग बस येईल. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुम्हाला ही म्हण माहीत नव्हती. मी समजावून सांगितली, तुरी अजून बाजारातच आहेत आणि इकडं घरात वरणावरून मारामारी. तुम्हाला ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवसापासून पहाटे दार वाजवून तुम्ही हाक मारायला लागलात, "सुनंदा, चल. तुरी लेने."

आणि आपण जायचो. डबे घेऊन, एप्रन पिशवीत घालून, बाभळीखाली ओळीनं उभ्या राहायचो. नसलेल्या बसची वाट बघत. थोडा वेळ उभं राहून मग मोठ्या रस्त्याकडं चालू लागायचो. दूधवाले हसायचे. बिल्डिंगमधले पुरुष तर गॅलरीत ब्रश तोंडात धरून बघत बसायचे. मी ओळीत उभी राहून तुमच्याशी भांडायचे की हा वेडेपणा आहे. पण ओळीत उभी असायचे.

पाटीही तेव्हाचीच. तुमच्या यजमानांचं पंक्चरचं दुकान होतं, त्याची जुनी पाटी तुम्ही नाल्याकाठाहून इथं आणली होती. ती उलटी करून गच्चीवर लाल रंगानं लिहायला बसलात. मराठी अक्षरं मीच तुम्हाला शिकवली होती, जेवणाच्या सुट्टीत, खोक्यांवरची नावं वाचून दाखवत. पण हात उर्दू शाळेतला. पाटी लिहायची तर उजव्या कडेपासून जागा धरायची, हे तुमच्या हातात बसलेलं. तुम्ही कडेला अगदी चिकटवून आधी ब काढलात, मग मागं मागं सरकत थां, मग स, मग ब. सुरेख, ठळक अक्षरं. मी कपडे वाळत घालून आले आणि बघितलं तर, बस थांब. ब च्या पुढचा काना काढायला पत्राच शिल्लक नव्हता.

मी म्हटलं, आपा, काना राहिला. तुम्ही डोळे बारीक करून पाटीकडं बघितलंत. मग पत्र्याच्या पलीकडं, मोकळ्या हवेत, ब्रशनं एक उभी रेघ ओढलीत. "ये ले. काना हवा में है. जिसको पढना है वो पढ लेगा." मी हसले नाही, अशुद्ध लिहिलेल्याचा मला राग येतो. मी म्हटलं, लोक नावं ठेवतील, बसला कोणी थांब म्हणतं का. तुम्ही म्हणालात, "तिला कायको आप-जनाब? इतके साल उभं ठेवलं तिनं आमाला. तिला तूच म्हणायचं." मी म्हटलं, पत्र्याची एक पट्टी आणते, जोडून काना काढून देते. तेव्हापासून ती पट्टी आणायची राहिली. तुम्ही दर महिन्याला आठवण करून द्यायच्या, मुद्दाम, मला चिडवायला.

नसलेल्या बसची ओळ बघून कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो फिरला, आणि बसवाल्यांचे एक साहेब बघायला आले. चांगला माणूस होता. समजावून सांगत होता, मावशी, आधी मार्ग ठरतो, मग गाडी सुटते, मग थांबा होतो. तुम्ही उलटं करताय. तुम्ही पाटीकडं बोट दाखवून म्हणालात, "साहेब, आमचं उलटंच असतं. आम्ही उजवीकडून लिहितो." साहेब हसले. नंतर कितीतरी चकरा झाल्या, क्रांती चौकात धरणं झालं, त्यात माझा घसा बसला आणि तुमचे गुडघे. पण मला अजून वाटतं, साहेबांच्या लक्षात राहिलं ते हेच.

आणि एका पहाटे गाडी खरंच आली, आतला दिवा लावलेली. आपण सगळ्या नुसत्या बघत राहिलो, हात करायचं भान कुणाला राहिलं नाही. ड्रायव्हरनं पाटी वाचली, गाडी थांबवली आणि खिडकीतून विचारलं, "थांब म्हणलं म्हणून थांबलो. कुणी बसणार हाय का नाय?" तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणालात, "आली बघ तेरी तुरी."

तेव्हा तुमचं काम सुटलेलं होतं, कुठं जायचं नव्हतं. तरी पुढच्या रविवारी मला घेऊन क्रांती चौकापर्यंत गेलात, नुसतं बसमध्ये बसायला. खिडकी तुम्ही घेतलीत. छावणी आली तशी काचेला नाक लावून आपली वस्ती शोधायला लागलात. तिथं आता सगळा रस्ता. "हमारा नल यहां था," एवढंच म्हणालात. क्रांती चौकात उतरून आपण चहा-खारी खाल्ली आणि त्याच गाडीनं परत निघालो. परतीच्या वाटेवर मध्येच म्हणालात, घर घेतलं ते तू ठीक केलंस. मी इतकी वर्षं या वाक्याची वाट बघत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात तुम्ही पुढं म्हणालात, "पर थोडा रुकना था." मी म्हटलं, रुकलो असतो तर अजून नाल्यातच असतो. तुम्ही म्हणालात, "हौ, पर साथ में होते." ज्या मागं राहिल्या, ज्यांची कामं सुटली, गावी परत गेल्या, त्यांच्याबद्दल बोलत होता तुम्ही. मी म्हटलं, उद्या सांगते. ते उत्तर अजून सुचलेलं नाही, आणि सुचलं तर सांगायचं कुणाला?

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही दारात आलात. माझे हात कणकेत होते. चौकटीला हात टेकून उभ्या राहिलात. मी विचारलं, काय हो? "कुछ नहीं. ऐसेच आई." मी म्हटलं, पोळ्या टाकते, खाणार का? नको म्हणालात. मग म्हणालात, चलती मैं. मी पोळपाटावरून मान वर करून म्हटलं, बरं, या. आपल्याकडं जाणाऱ्याला या म्हणायची रीत, तुम्हालाही ती पाठ होती. तुम्ही हसलात आणि जिन्याकडं वळलात. सकाळी तुमच्या सुनेनं, फरजानानं, दार वाजवलं. मी झोपेतच म्हटलं, आले, तुरी घ्यायला आले. दार उघडलं आणि तिचा चेहरा बघितला.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. आम्ही सगळ्या खालीच उभ्या राहिलो. जनाजा बाभळीपाशी गेला तेव्हा खांदेकरी बदलायला माणसं क्षणभर थांबली, तुमच्या पाटीखाली. मग निघाली. वळणापलीकडं गेल्यावर काही दिसलं नाही. मी पुढं दोन दिवस गॅलरीत गेलेच नाही.

आता हे पहिल्या गाडीचं. ती गेली तर पहिल्या पाळीच्या बाया पुन्हा घरी बसणार, नाहीतर अंधारात मोठ्या रस्त्यापर्यंत चालणार. काल मी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. म्हटलं, पुन्हा ओळीनं उभ्या राहू. माझं वाक्य संपायच्या आत सगळे हात वर. कोणी अक्षर बोललं नाही. मी म्हटलं, अगं, हात वर केला तर बोला ना. मंदा म्हणाली, "काय बोलायचं ताई, तुमी म्हणता ते बरोबरच असंल." आपा, मला जितकं एकटं त्या वेळी वाटलं, तितकं तुम्हाला नेलं तेव्हाही वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला कोणी असं बिनविरोध सोडलं नव्हतं.

मग मीच माझ्या विरोधात बोलले. तुमच्या जागी उभी राहून. म्हटलं, उभ्या राहिलात आणि पाळी बुडाली, ठेकेदारानं दुसऱ्या बाया आणल्या, तर? ओळ धरायला कोण उरेल? सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या, सुनंदाताईला काय झालं म्हणून. तेव्हा मागून फरजाना उठली. तीच ती, कोपऱ्यात पदर चावणारी. म्हणाली, "लवकर येऊ. थोडं उभं राहू, मग चालत जाऊ, पहले जैसे. अम्मी म्हणायच्या थांबा. पर थांबायला बी उभं तर राहावं लागतं ना." मग एकेक बोलायला लागली. अंधार पडला तरी कोणी उठेना. मी घरी आले, आणि सभा कशी झाली ते सांगायला तुमच्या दारापर्यंत खाली उतरले. कुलूप नव्हतं, आत दिवा होता, फरजानाची भांडी वाजत होती. मी परत वर आले.

आज सोमवार. पहाटे माझं दार कोणी वाजवलं नाही, माझी मीच उठले. किल्ल्यामागं अजून उजाडलं नव्हतं. ओळ लागली. नव्या निळ्या खांबापाशी नाही, सगळ्या आपोआप बाभळीखालीच गेल्या. गाडी आली नाही. मी पिशवीत लाल रंगाची डबी आणि पत्र्याची पट्टी घेऊन गेले होते. म्हटलं, निदान एवढं तरी करून टाकू, किती दिवस चिडवणार.

पट्टी लावून बघितली. नीट बसत होती. मग मागं होऊन तुमची अक्षरं पुन्हा वाचली. आजवर मी तिथं नसलेला कानाच वाचत आले होते. जे लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. मी पट्टी पिशवीत ठेवली.

त्या संध्याकाळी तू दारात उभी होतीस आणि मी या म्हणाले. बघ, भांडण नसताना तू निघालं तोंडून, आता हसशील. मला तेव्हा म्हणायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते तूच लिहून ठेवलं होतंस. पोळ्या झाल्या नाहीत अजून, कणकेचे हात आहेत, पण मी सरकते, जागा आहे.

आपा, बस. थांब.